हाड मोडल्यावर पाच लाख, त्याआधी काय?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही माणसे चाळीस मजली इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. नायगाव आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींचेही पुनर्वसन सुरू आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींत तर पुनर्विकासाची बैठक झाली नाही, असा महिना जात नाही. या बैठकांत चौरस फुटांवर वाद होतात. कॉर्पस फंड, भाडे, पार्किंग यांवर होतात. एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या नव्या घरांत सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसे जुन्या घरापेक्षा कमी पडतील की जास्त?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण आकडे तसे सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि सर्वाधिक प्राणघातक पडणी साठीनंतरची असतात. पासष्टी ओलांडलेल्या साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. बहुतेक वेळा खरचटण्यावर निभावते. खुब्याचे हाड मोडले तर मात्र पाचातला एक किंवा त्याहून अधिक जण वर्षभरात दगावतात. जे वाचतात, त्यांतले बरेच पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर अनेकदा न्यूमोनिया किंवा हृदयविकार लिहिलेला असतो, त्यामुळे पडणे कागदावर येतच नाही. ‘मोरीत पडल्या आणि त्यानंतर उठल्याच नाहीत’ हे वाक्य मात्र प्रत्येक चाळीने ऐकलेले आहे.

या भागाला हा प्रश्न इतर मुंबईपेक्षा अधिक लागू पडतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. तरुण कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. आईवडील भाड्याची खोली सोडायला तयार झाले नाहीत, आणि पागडीची खोली सोडणे शहाणपणाचेही नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते. त्या वेळी जो पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या आसपास आहे. लालबाग-परळमधल्या अनेक चाळींत तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि इमारतीला लिफ्ट नाही.

‘वय झाले, तोल जाणारच’ असे आपण म्हणतो, आणि तिथेच विचार थांबतो. पण तोल ही एकच एक शक्ती नाही. डोळे जमीन पाहतात, आतला कान डोके किती कलले ते सांगतो, तळपाय जमिनीचा अंदाज देतात, मेंदू ही तिन्ही माहिती जुळवतो आणि मांडीचे स्नायू क्षणार्धात शरीर सावरतात. पाय अडखळणे विशीतही होते. फरक असा की विशीतला माणूस पुढचे पाऊल वेळेत टाकतो. सत्तरीत मांडीचा स्नायू रोडावलेला असतो, मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर झालेले असतात, मोतीबिंदू पिकायचा म्हणून थांबलेला असतो. यातले एकेक कारण माणसाला पाडत नाही, पण तीन-चार एकत्र आली की उंबरठ्याची दोन बोटे उंचीही पुरते. यातली बरीच कारणे दुरुस्त होण्यासारखी आहेत आणि ती दुरुस्त केल्याने पडणे कमी होते, हे गेल्या तीस वर्षांत नीट तपासले गेले आहे. म्हणून हा विषय नशिबाचा राहत नाही.

आता घर पाहू. चाळीचा लाकडी जिना हा या भागातला सर्वांत जुना धोका. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरी किमान २५ सेंटिमीटर रुंद आणि जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच हवी. गिरगावातल्या कोणत्याही जुन्या वाडीत टेप घेऊन गेलात तर ही मापे क्वचितच जुळतील. पायऱ्या उभ्या, अरुंद आणि मधोमध झिजून खळगा पडलेल्या असतात. काही ठिकाणी कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर असतो. तो चढताना कामाचा असतो, उतरताना फारसा नाही. जिन्यावरचे गंभीर अपघात बहुतेक उतरताना होतात, कारण उतरताना शरीराचा सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर हळूहळू सोडावा लागतो, आणि म्हातारपणी ते अवघड जाते.

त्यातही पहिली आणि शेवटची पायरी जास्त वाईट. जिना उतरताना पाय एक उंची पाठ करतो आणि पुढच्या प्रत्येक पायरीला तीच धरून चालतो. चौकात दरवेळी नवी लादी किंवा सिमेंटचा थर चढत गेल्याने अनेक इमारतींत शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा आखूड झालेली आहे. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पायाला मात्र फसवतो. त्यात चष्मा दुहेरी भिंगाचा असला की वाचायच्या खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत बहुकेंद्री चष्मा वापरणाऱ्या वृद्धांमध्ये, विशेषतः घराबाहेर आणि जिन्यावर, पडण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. बाहेर जाण्यासाठी फक्त दूरचा वेगळा चष्मा ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

आणि दिवा. पागडीच्या इमारतीत जिन्यातल्या दिव्याचे बिल कोणी भरायचे, हा वाद मी पाहिलेल्या अनेक इमारतींत अनिर्णित आहे. मालकाला मिळणारे भाडे नाममात्र, म्हणून तो हात वर करतो. दुरुस्ती मंडळाचा संबंध तुळया आणि छताशी. भाडेकरूंत एकमत नाही. पन्नास रुपयांच्या एलईडी बल्बअभावी अंधारात उतरणारी माणसे याच शहरात आहेत, आणि उपकर भरणाऱ्या इमारतींची संख्या आजही तेरा हजारांच्या घरात आहे.

रात्रीचा संडास हे दुसरे ठिकाण. सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला, लादी ओली, पावसाळ्यात शेवाळलेली. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी घेणारा माणूस रात्री दोनदा उठतो. झोपेतून एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, दाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरत असेल तर तो दोष समजतात आणि तो औषध बदलून सुधारता येतो. त्यासाठी दाब झोपवून आणि मग उभे करून, असा दोनदा मोजावा लागतो. गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून रुग्णाने तो मागितला पाहिजे. पलंगाच्या कडेला बसून मिनिटभर पाय हलवून मग उभे राहणे, ही सवय तर आजच लावता येते.

एवढे वाचल्यावर वाटेल की चाळ सुटली, प्रश्न मिटला. तसे नाही.

चाळीतला जिना धोकादायक आहे, पण त्यानेच या माणसांचे पाय टिकवले. दूध, भाजी, देऊळ यांसाठी दिवसातून दोनतीनदा तीन मजले चढणे-उतरणे ही मांडीच्या स्नायूंची कसरतच होती. लिफ्टच्या घरात ती बंद होते आणि तिची जागा दुसरे काही घेत नाही. शिवाय चाळीत दार उघडे असते. भांडे पडले तरी शेजारी विचारतो. मनोऱ्यात मुख्य दार ओढले की कुलूप आपोआप लागते, एका मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तोंडओळख व्हायला वर्ष लागते, आणि मुले कामावर गेल्यावर बाथरूममध्ये पडलेला माणूस संध्याकाळपर्यंत तसाच राहू शकतो. पडण्याइतकेच हे पडून राहणे घातक असते. तासाभराहून अधिक काळ उठता आले नाही तर दाबल्या गेलेल्या स्नायूंचा नाश होतो आणि त्यातून मूत्रपिंडांवर ताण येतो. शरीर कोरडे पडते, पाठीला जखमा होतात.

नव्या घरातल्या वस्तूही म्हाताऱ्यांचा विचार करून निवडलेल्या नसतात. चकचकीत टाइल ओली झाली की काचेसारखी होते. बाथरूमचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात उंच पट्टी बसवतात, आणि तिचा रंग बहुधा लादीचाच असतो. टॉवेलची दांडी असते, पकडायचा दांडा नसतो. तोल जाताना हात आपोआप टॉवेलच्या दांडीकडे जातो आणि ती भिंतीतून उखडून हातात येते, कारण ती फक्त टॉवेलचे वजन पेलायला बनवलेली असते. घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरणेही पडण्याची शक्यता वाढवते, असे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे घरात चपला घालायची पद्धत नाही हे खरे. पण फक्त घरात वापरायची, टाचेला पट्टा आणि तळाला खाचा असलेली वेगळी जोडी ठेवायला देवघराचीही हरकत नसावी.

काय केल्याने पडणे कमी होते, याबद्दल वैद्यकशास्त्रात फारसा गोंधळ उरलेला नाही. सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा. २०१९ मध्ये कॉक्रेन संस्थेने १०८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत २३ हजारांहून अधिक वृद्ध सहभागी होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले. पण कोणता व्यायाम, हे महत्त्वाचे. तोल सांभाळण्याचा आणि पायांची ताकद वाढवणारा व्यायाम उपयोगी पडला. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे या आढाव्याला ठामपणे म्हणता आले नाही. शिवाजी पार्कला रोज चार फेऱ्या मारून कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींना हे आवडणार नाही. चालणे हृदयाला, मधुमेहाला आणि गप्पांना उत्तम आहे, ते सोडू नये. पण तोलासाठी त्यात भर घालावी लागेल.

ही भर कशी असते? न्यूझीलंडमधल्या डनिडिन शहरात १९९० च्या दशकात वृद्धांसाठी ओटागो नावाचा कार्यक्रम तयार झाला. प्रशिक्षित परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट घरी येऊन व्यायाम शिकवत आणि मग माणूस ते आठवड्यातून तीनदा स्वतः करत असे. पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी उतरले. त्यातले व्यायाम पाहिले तर आपल्याकडेही सहज जमण्यासारखे आहेत. हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि बसणे. ओट्याला धरून टाचा उचलणे. एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. एका पावलाच्या टोकाला दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालणे. यासाठी चाळीची गॅलरी आणि तिचा कठडा यांच्याइतकी चांगली जागा नाही. जमू लागले की आधार कमी करायचा, हे त्यातले मर्म. जो व्यायाम अगदी सोपा वाटतो तो तोल सुधारत नाही. चक्कर येत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गेल्या काही महिन्यांत पडणे झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि पहिले काही दिवस शेजारी कोणीतरी असावे.

आपली स्थिती घरीच पाहता येते. हात छातीवर ठेवून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजा. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या बाईला दहा वेळाही जमत नसेल तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी आहे. पुरुषांसाठी ही रेषा अकरा-बाराच्या आसपास आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. ताकद ऐंशीतही वाढते. डनिडिनमधली पहिली चाचणी ऐंशी ओलांडलेल्या बायकांवरच झाली होती.

लालबाग-परळमध्ये व्यायामशाळांची परंपरा आहे, दादरला समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून आहे, ज्येष्ठ नागरिक संघ तर प्रत्येक विभागात आहेत. दुपारी बाराच्या पुढे व्यायामशाळा बहुधा रिकाम्या असतात. संघांच्या सभांत व्याख्याने आणि सहली पुष्कळ होतात. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तोलाचा वर्ग, याला मोठा निधी लागत नाही. हे अजून सर्वत्र का होत नाही, याचे मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. बहुधा आपण पडू, असे कोणालाच वाटत नाही. पडतो तो नेहमी दुसरा म्हातारा.

गोळ्यांबद्दल थोडे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या पडण्याची शक्यता स्पष्टपणे वाढवतात. दाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो. त्या मनाने बंद करायच्या नाहीत. सगळ्या गोळ्या पिशवीत भरून वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे ओतायच्या. दुसरीकडे, ‘ड’ जीवनसत्त्वाने पडणे टळते हा समज फार पसरलेला आहे. ऑस्ट्रेलियात २,२५६ वृद्ध स्त्रियांवर झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख एककांचा मोठा डोस दिला, तेव्हा पडणे आणि हाड मोडणे दोन्ही वाढले. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शरीरात कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावे, पण पुड्या आणून मनाने खाणे हा पडण्यावरचा उपाय नव्हे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नये हे मात्र खरे. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्यावर स्त्रियांमध्ये पडणे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले.

घरातले धोके काढून टाकण्याचाही पुरावा आहे. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा उपायांनी पडणे २६ टक्क्यांनी कमी झाले. आधीच पडलेल्या किंवा अशक्त लोकांच्या घरात हे केले तेव्हा घट ३८ टक्के होती. इथे सरकारी पैशाचा प्रश्न येतो. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. खुबा मोडला तर त्याचा मोठा आधार होतो, आणि तो हवाच. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या माणसाला एकदा तीन हजार रुपये मिळतात. त्या पैशांतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, पट्टे अशी साधने घ्यायची. साधनांच्या या यादीत बाथरूमच्या भिंतीतला दांडा नाही, जिन्याचा कठडा नाही. माणसाला काठी मिळते, पण ती घेऊन तो ज्या पायरीवरून उतरणार ती पायरी कोणाच्याच खात्यात येत नाही. दोन दांडे कारागिराच्या मजुरीसह साधारण दोन-तीन हजारांत बसतात. एका खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चात किती बाथरूम सुरक्षित होतील, हा हिशेब अवघड नाही.

मोजणीही हवी. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली आणि तीत पडण्याबद्दलही विचारले. पण अशी पाहणी राज्याचे चित्र देते. महापालिकेच्या ‘एफ दक्षिण’ किंवा ‘डी’ विभागात माणसे कोणत्या जिन्यावर, कोणत्या फुटपाथवर पडतात, हे त्यातून समजत नाही. ते समजण्याची जागा म्हणजे केईएमसारख्या रुग्णालयांचा अपघात विभाग आणि विभागातले दवाखाने. केसपेपरवर ‘कुठे पडलात’ ही एक ओळ वाढवली आणि ‘गेल्या वर्षात पडला होतात का’ हा प्रश्न साठीपुढच्या प्रत्येकाला विचारला तरी वर्षभरात पालिकेकडे एक नकाशा तयार होईल. दरवर्षी हा प्रश्न विचारावा, अशी शिफारस २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत आहेच.

तोवर पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या सोसायट्यांना एक गोष्ट करता येते. विकासकाबरोबरच्या कराराला घरात काय काय बसवून मिळणार याची यादी जोडलेली असते. नळ कोणत्या कंपनीचा, ओट्याला कोणता दगड, हे त्यात असते. त्याच यादीत बाथरूमसाठी खरखरीत लादी, दाराशी पट्टीऐवजी उतार, कमोडशेजारी आणि शॉवरजवळ दांडा, बाहेर उघडणारे किंवा सरकते दार, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा मंद दिवा आणि बाथरूममध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर घंटेचे बटण लिहून घ्यावे. शेवटचे बटण खालीच हवे, कारण पडलेल्या माणसाचा हात वरच्या बटणापर्यंत पोहोचत नाही. दांड्याच्या जागी भिंत भरीव हवी. पोकळ किंवा हलक्या विटांच्या भिंतीत तो टिकत नाही, त्यामुळे ही मागणी लादी बसल्यावर नव्हे, नकाशे मंजुरीला जाण्याआधी करावी लागते.